उत्तरासाठी सोडलेली जागा

१७ एप्रिल २०१४. सकाळपासून पूर्वेचा वारा. खाडीवर धुरकट झाकण बसलेलं, भिंतींना ओल, आणि दोरीवरचे कपडे काल होते तितकेच दमट. अशा हवेत मोरोक्कोतल्या आमच्या नादोरमध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही. मी आईची चादर बदलली, तिला कुशीवर वळवलं आणि शिवणाच्या खोलीत जाऊन संगणक सुरू केला. नजीमने पाठवलेली फाईल आली होती.

नजीम माझा धाकटा भाऊ. बेल्जियमला, लिएजमध्ये असतो. आमचे बाबा तिथेच कोळशाच्या खाणीत राबले आणि त्याच कोळशाने छाती भरून गेले. त्या काळी आमच्या गल्लीतले निम्मे बाप तिकडे होते. बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पत्र मास्तरांकडून वाचून घ्यायचं म्हणजे घरातली गोष्ट चार घरांत जायची. म्हणून कॅसेट यायची. रविवारी खोलीतले बाकीचे गडी बाहेर गेले की बाबा टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन बोलायचे. त्यांची पद्धत ठरलेली. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. उत्तर देऊन होईल इतका वेळ टेप नुसती फिरू द्यायची. इकडे आई आम्हा पोरांना अंगणात काढून दार लावून घ्यायची, कॅसेट लावायची आणि त्या रिकाम्या जागेत उत्तर द्यायची. मोठ्याने, समोर बसलेल्या माणसाला द्यावं तसं. ती उत्तरं कुठेच भरली जात नव्हती. ती फक्त द्यायची असत.

हिवाळ्यात आईला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. पुढे पुढे ती जेवेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, तोंडाने काही जात नसेल तर इस्पितळात आणा, नाकातून नळी घालू. ते ऐकून आईने डाव्या हाताची मूठ वळून पलंगाच्या कडेवर आपटली होती. त्यामुळे माझ्यापुढे एकच काम उरलं होतं, ते म्हणजे तिच्या पोटात काहीतरी घालणं. जवाची लापशी पातळ करून, वर ऑलिव्हचं तेल सोडून मी बसायची. ती ओठ मिटून भिंतीकडे बघायची.

तेव्हा नजीमला बाबांची शेवटची कॅसेट आठवली. टेप गुंतली म्हणून तो ती दुरुस्तीला घेऊन गेला होता. तिथल्या एका दुकानात त्याने ती संगणकात उतरवून घेतली आणि मला पाठवली. फोनवर म्हणाला, “ताई, तुझ्या हाती दिली म्हणजे झालं. तू तर मेलेली शिलाई मशीन उठवतेस.”

संगणक मी कोणाकडून शिकले नाही. कफ्तानावरच्या नक्षीचे नमुने उतरवायला घेतला आणि चुकत चुकत हात बसला. मी फाईल उघडली. “मिमुन्त, मी अल्लाल बोलतोय...” आईचं नाव, बाबांचं नाव, एवढंच आलं आणि आवाज तुटला. पुन्हा लावली, तरी तेवढंच. पण भिंतीपलीकडून आईच्या घशातून एक आवाज आला. मी धावत गेले. ती दाराकडे बघत होती आणि तिचं तोंड उघडं होतं. मी घाईने लापशीचा एक चमचा त्यात घातला. तिने गिळला.

आईचा पलंग हलवता येत नव्हता आणि फाईल मोबाईलवर उघडत नव्हती. ईस्टरच्या सुट्टीमुळे नजीमचं ते दुकान बंद होतं. फाईलचा प्रकार बदलून घेणं एवढाच मार्ग होता. त्यासाठी मी एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. तो म्हणाला, फाईल ओळखता येत नाही. फाईलचं नाव अरबी अक्षरांत होतं, ते मी साध्या लॅटिन अक्षरांत केलं. तरी नाही. मग ती डेस्कटॉपवरून काढून दुसऱ्या जागी ठेवली. तेव्हा घेतली, आणि इतक्या झटपट काम संपवलं की मलाच शंका आली.

मोबाईल आईच्या उशाशी ठेवला. बाबांचा आवाज सुरू झाला. मिमुन्त, गुडघा कसा आहे, घरात कोण आहे तुझ्याजवळ, विहिरीला पाणी आहे का. एकामागून एक, मध्ये श्वासही नाही. आईचे ओठ हलायला लागायचे तोवर बाबा पुढे गेलेले असायचे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि त्या दिवशी काही घेतलं नाही.

प्रोग्रॅममध्ये शोधल्यावर सापडलं. “शांत भाग काढून टाका” या ओळीपुढे आधीच खूण केलेली होती. ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला त्याच्या घरी अशी कॅसेट कधी आली नसणार. दुसऱ्या कोणी ती खूण तशीच ठेवली असती, खरखर कोणाला हवी असते. पण ती जागा आईची होती. मी खूण काढली आणि पुन्हा सुरुवात केली.

या वेळी काम सावकाश चाललं आणि अगदी टोकाला येऊन थांबलं. “फाईलचा शेवट सापडत नाही.” तोवर झालेलं मात्र जपून ठेवलेलं होतं. ते मी आईला लावलं. बाबा विचारायचे आणि थांबायचे. खरखर चालायची, तेवढ्यात आईचे ओठ हलायचे, मग ती तोंड उघडायची आणि मी चमचा द्यायची. वाटी संपली.

शेजारच्या खद्दूज मावशी डोकावल्या. त्या आईच्या लग्नापासूनच्या मैत्रीण. म्हणाल्या, “बघ गं. नवरा बोलायला आला तेव्हा बाईसाहेबांना भूक लागली. आम्ही एवढे चमचे नाचवले, त्याचं काही नाही.” आईच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं. आम्ही पुदिन्याचा चहा केला. खूप दिवसांनी मी बसून प्यायले.

तिथेच थांबायला हवं होतं. पण अर्धवट शिवण माझ्याच्याने ठेववत नाही. आईला शेवटही ऐकायला मिळावा म्हणून मी तो दोष काढायला बसले. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घेतली, तिच्यात आवाजाचा दर्जा कमी करून एकदा आणि प्रकार बदलून एकदा फाईल फिरवली. दर वेळी काम त्याच ठिकाणी थांबायचं. नक्की कुठे तुटतं ते कळावं म्हणून मी एका दुपारी कानाला हेडफोन लावून सुरुवातीपासून ऐकायला घेतलं.

बाहेर रस्ता सामसूम होता. वाऱ्याने आलेली धूळ काचेवर बसून खोली पिवळी दिसत होती. बाबांनी विचारलं, गुडघा कसा आहे. मग खरखर. खरखरीत कोणीतरी श्वास घेतला. पलंग करकरला. आणि आईचा आवाज आला.

“गुडघा आता दुखत नाही. ती बाजूच गेली.”

मी हेडफोन काढून दारात गेले. आई झोपली होती. ओठ मिटलेले.

पुन्हा बसले. घरात कोण आहे तुझ्याजवळ, बाबा विचारत होते.

“लुईझा आहे. दिवसभर शिवते, मला भरवते... लापशीत मीठ कमी घालते.”

लुईझा म्हणजे मी. मीठ मी रक्तदाबामुळे कमी करत होते. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.

नजीमला फोन केला. तो म्हणाला, दुकानात त्याने पूर्ण कॅसेट ऐकली होती, मध्ये खरखरीशिवाय काही नाही. जुन्या टेपवर आईचं काही आधीचं भरलेलं असेल. मी विचारलं, “जुन्या टेपवर आईची एक बाजू गेलेली कशी असेल?” मग तो हळूच म्हणाला, “ताई, तू झोपतेस ना नीट?”

मग मी आधीच्या प्रती काढून ऐकल्या. आईने वाटी संपवली त्या प्रतीत नुसती खरखर होती, पुढच्या प्रतीत एकच जागा भरलेली. त्यानंतरच्या प्रतीत दोन. म्हणजे दोष काढायला बसल्यापासून जितक्या वेळा मी फाईल फिरवली, तितकी उत्तरं आत गेली होती. आईला लावून पाहिलं. गुडघ्याच्या प्रश्नानंतर तिचे ओठ हलले नाहीत. घराच्या प्रश्नालाही नाहीत. विहिरीच्या प्रश्नाला हलले. जी जागा तिकडे भरली होती, तिथे आई इकडे गप्प होती. तिचा डावा हात मी हातात घेतला. मूठ वळणारा तो हात ओल्या कपड्यासारखा पडून राहिला.

तरी मी आणखी एकदा फाईल फिरवली, खात्री करायला. विहिरीचं उत्तर त्यात आलं. त्या संध्याकाळी आईने माझ्याकडे पाहिलं ते ओळख नसलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

मी तो प्रोग्रॅम काढून टाकला. होत्या त्या प्रती आईला लावत राहिले. ती ऐकेना. सगळं बोलून झालेल्या माणसासारखी पडून राहायची आणि तोंड उघडायची नाही. लापशी नाही, दूध नाही, कापसाने पाणी लावलं तर तेही ओठांच्या कडेने बाहेर. मी हात जोडले, रागावले, रडले. तिची नजर एकाच ठिकाणी होती. भिंतीवर, जिच्या पलीकडे संगणक होता.

खद्दूज मावशींना मी सगळं सांगितलं. शेवट कुठे तुटतो तेही. “कागद तयार आहेत मिमुन्त. येतेस ना?” असं बाबा विचारतात, मग खरखर सुरू होते, आणि तिथेच काम थांबतं. मावशी म्हणाल्या, त्या प्रश्नाला मिमुन्तने कधी उत्तर दिलंच नाही. तिथे आली की कॅसेट बंद करायची आणि पीठ मळायला बसायची. परक्या मुलखात जायचं नव्हतं आणि नाही म्हणायचंही नव्हतं. बाबांनी पुन्हा विचारलं नाही.

मावशींनी आईच्या अंगावरची चादर सारखी केली. म्हणाल्या, “देऊन टाक गं तिला काय हवं ते.”

“मावशी, त्यात ती कमी होतेय...”

“आणि न देता वाढतेय का?”

मावशींनी आईचं कपाळ पुसलं आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी वारा तसाच होता. दुपारची नमाज झाल्यावर मी आईजवळ बसले असताना तिने माझं मनगट धरलं. त्या हातात जोर कुठून आला कळलं नाही. शिवायला टाकलेला कपडा वेळेवर न मिळालेल्या गिऱ्हाईकासारखी ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, “आई, तिथे काय विचारलंय ते तुला माहीत आहे ना?” तिने डोळे मिटले आणि उघडले.

मी म्हणाले, “मग मी काय करू?”

मनगट तिने सोडलं नाही. मीच हळूहळू तिची बोटं उलगडली.

शिवणाच्या खोलीत गेले, प्रोग्रॅम पुन्हा उतरवला, शांत भागापुढची खूण काढली आणि बटण दाबलं. पट्टी पुढे सरकायला लागली. ती टोकाकडे जाताना मला तिथे बसवेना आणि आईजवळही जाववेना. वाटलं, दोष आहेच, काम नेहमीसारखं थांबेल, आणि झाल्यावर ती चार घास तरी घेईल. म्हणून स्वयंपाकघरात जाऊन लापशी टाकली. मीठ या वेळी पूर्ण घातलं. ढवळत होते. जवाचा वास सुटला. खिडकी वाऱ्याने बारीक थरथरत होती.

आतून आई म्हणाली, “लुईझा, येतेस?”

“आले आई, गॅस बंद करून आले,” मी म्हणाले.

गॅस बंद केला. चमचा पुसला. वाटी काढायला हात वर गेला आणि तिथेच राहिला. हिवाळ्यापासून या घरात आईने हाक मारली नव्हती.

मी आत गेले तेव्हा तिचा श्वास थांबलेला होता. तोंड उघडं होतं, घास घेताना उघडायची तेवढंच. अंग अजून गरम होतं.

तिला गावच्या डोंगरावर बाबांच्या शेजारी ठेवलं. नजीम आला आणि गेला. सांत्वनाला आलेले लोक कमी झाल्यावर मी शिवणाच्या खोलीत गेले. संगणक त्या दुपारपासून चालूच होता. पडद्यावर लिहिलेलं होतं: रूपांतर पूर्ण, चुका शून्य.

ती फाईल मी एकदा ऐकली. बाबा विचारतात, कागद तयार आहेत मिमुन्त, येतेस ना? आई म्हणते, “येते. लुईझालाही विचारते.” थोडी खरखर. मग आईची हाक, “लुईझा, येतेस?” त्यापुढच्या जागेत माझा आवाज आहे, “आले आई, गॅस बंद करून आले.” त्यानंतर बाबा म्हणतात, “बरं, थांबतो.” तिथे फाईल संपते.