खालून तीन इंच

गुरुवारी सकाळी कोरिन हॉगनला कळलं की ती कोरिन हॉगन नाही. निदान मेल कंपनीचं तसं म्हणणं होतं. तिनं पाठवलेला, तलावावरच्या बर्फाच्या जाडीचा मेल परत आला होता आणि सोबत शेरा होता, 'पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही.' कोरिनचा जन्म याच गावातला. लेक ओटिली तलावाच्या काठावर तिला ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नव्हतं. त्यामुळे तिला राग आला नाही, थोडी गंमतच वाटली.

मग तिनं नको त्या मेलांचा कप्पा उघडला आणि गंमत संपली. सोमवारचा मेल परत आला होता. मंगळवारचा, बुधवारचाही. परत आल्याच्या सूचनासुद्धा यंत्राला संशयास्पद वाटल्या होत्या. म्हणून त्यानं त्या तिच्यापासून लपवून ठेवल्या होत्या, औषधांच्या जाहिरातींच्या खाली.

कोरिन विम्याचं ऑफिस चालवायची आणि तलावावरच्या मच्छीमार क्लबची चिटणीस होती. चिटणीस व्हायचं तिच्या मनात कधीच नव्हतं. निवडणुकीच्या वेळी ती बाथरूमला गेली होती, परत आली तर सगळे टाळ्या वाजवत होते. काम सोपं होतं. रोज सकाळी ड्वेन पेल्टो गिरमिट घेऊन तलावावर जायचा, बर्फाला भोकं पाडायचा, जाडी मोजून तिला फोन करायचा. ती दोन ओळी टाइप करून सगळ्या सभासदांना पाठवायची. 'आज चौदा इंच. गाडी चालेल.' कधी, 'आज सहा इंच. पायी जा.' बस.

या भागातल्या लोकांची एक खोड आहे. सगळं ठीक असेल तर कुणी काही बोलत नाही. त्यामुळे कुणी काही बोललं नाही, की सगळं ठीकच आहे असं धरून चालतात. नवरा-बायकोची चाळीस-चाळीस वर्षं या तत्त्वावर निघतात. मेल आला नाही, तेव्हा सभासदांनीही तेच धरलं. त्यांच्या फोनवर अजून रविवारचा मेल होता, चौदा इंच, गाडी चालेल. आणि सोमवारपासून हवा उबदार झाली होती. पन्हाळींतून पाणी गळत होतं, आणि शनिवारी क्लबची वार्षिक स्पर्धा होती, बर्फाला भोकं पाडून मासे धरायची. शेकडो पिकअप गाड्या, मुलंबाळं, कुत्री, शेगड्या, सगळं बर्फाच्या मधोमध.

तिनं फोन लावायला सुरुवात केली. निम्मे लोक अनोळखी नंबर उचलत नव्हते. उरलेले उचलत होते आणि हवामानावर बोलत होते. अध्यक्ष लायल ब्रेके यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मेल तर आला नाही," ते म्हणाले.

"अहो, तेच सांगतेय. मेल जात नाहीये. बर्फ पातळ होतोय."

"मग तसा मेल येऊ दे ना."

"लायल, मेल जात नाहीये."

"हां. म्हणजे तसं काही गंभीर नसणार."

क्लबच्या गाड्या बर्फावर जातात त्या उतारावर पाटी लावूनही उपयोग नव्हता. तलावाभोवती जेवढी घरं, तेवढ्या बर्फावर उतरायच्या वाटा होत्या.

तेवढ्यात ड्वेन आला. ओले बूट, हातात कॉफी, नाक लाल. शाळेपासूनचा मित्र, त्यामुळे दार वाजवायची पद्धत नव्हती.

"तू माझे आकडे का बदलतेस गं?" तो म्हणाला.

"कुठले आकडे?"

"मंगळवारी मी तुला फोनवर नऊ सांगितले. मेलमध्ये तू सात टाकलेस. मी म्हटलं, बाईला हीटरपाशी बसून माझ्यापेक्षा जास्त दिसतं! तावातावानं परत गेलो आणि शेजारी दुसरं भोक पाडलं."

"मग?"

"सात." तो कॉफी प्यायला. "म्हणून दोन दिवस हा विषय काढला नाही."

"ड्वेन, मंगळवारचा माझा मेल कुणालाच गेलेला नाही."

त्यानं फोन तिच्यापुढे धरला. पाठवणारा, लेक ओटिली मच्छीमार क्लब. पत्ता तोच, अक्षर न् अक्षर. बाजूला ओळख पटल्याची निळी खूण. कोरिनला ती खूण आयुष्यात कधी मिळाली नव्हती. खाली मजकूर होता, 'आज खालून सात इंच. मऊ.'

"खालून?" कोरिन म्हणाली.

"मला वाटलं विमावाल्यांची भाषा असेल."

बुधवारचा मेल होता, 'आज खालून पाच इंच.' आणि आजचा, तासाभरापूर्वी आलेला, 'आज खिंडीपाशी खालून तीन इंच. उजेड आत येतो.'

"खिंडीपाशी मी आज गेलोच नाही," ड्वेन म्हणाला. खिंड म्हणजे तलावाची चिंचोळी कंबर. तिच्या अलीकडे गाव, पलीकडे मासे. स्पर्धेची प्रत्येक गाडी तिथूनच जाणार होती.

दुपारी तो कंबरेला दोर बांधून गेला. परत आला तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ टोपी काढेना.

"तीन," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी मेल कंपनीच्या मदतकेंद्रातला डेझमंड नावाचा माणूस फोनवर मिळाला. आवाज गोड होता. प्रत्येक वाक्यात तो तिचे आभार मानत होता. त्यानं समजावलं. हल्ली कुणीही कुणाच्याही नावानं मेल पाठवतं, म्हणून कंपनीनं नियम कडक केलेत. क्लबच्या नावानं मेल कोण पाठवू शकतं, याची एक जाहीर नोंद करावी लागते. नोंदीत नाव असेल त्याचाच मेल पोचतो. बाकीच्यांचा परत जातो.

"आमची नोंद नाहीच का मग?"

"आहे ना, मॅडम. उत्तम आहे. फक्त तिच्यात तुम्ही नाही."

"मग कोण आहे?"

टाइप केल्याचा आवाज आला. "दुसरं एक यंत्र आहे. रोज सकाळी एका पत्त्यावर एक मेल पाठवतं. नोंद आहे, शिक्का आहे, सगळं जागच्या जागी. खरं सांगू का, इतकं स्वच्छ काम मी फार कमी पाहतो."

"हे यंत्र कुठे आहे?"

"नकाशावर बघतो... मिनेसोटातच आहे. तुमच्या अगदी जवळ." तो थांबला. "निळ्या भागात दाखवतंय. तलावाच्या मध्यावर. पण ते ठिकाण नेहमी अंदाजे असतं हं, मॅडम."

"किती अंदाजे?"

"या वेळी खोलीपण दिली आहे," डेझमंड म्हणाला. त्यानंतर प्रथमच त्यानं तिचे आभार मानले नाहीत.

उपाय सोपा होता. नोंदीत त्या यंत्राच्या जागी कोरिनचं नाव घालायचं आणि बटण दाबायचं. फक्त बदल सगळीकडे पसरायला एखादा दिवस लागतो. दोन्ही नावं ठेवली तरी तेच. तोवर कुणाचाच मेल धड पोचणार नाही, तिचा नाही आणि त्यांचाही नाही.

"आणि उद्या सकाळी पोचायला हवा असेल तर?"

"तर आत्ता ज्याचा पोचतोय, त्यालाच सांगा ना पाठवायला," डेझमंड म्हणाला आणि स्वतःच हसला. एकटाच हसला.

कोरिन पडद्याकडे बघत बसली. बाण बटणावर होता. आयुष्यभर तिनं लोकांना एकच गोष्ट विकली होती, की जे होणार नाही असं वाटतं त्याचीही तयारी ठेवा. पण या प्रकाराचं कलम कुठल्याही पॉलिसीत नव्हतं. तिला आठवत होत्या त्या फक्त गाड्यांच्या मागच्या बाकांवरच्या लहान मुलांच्या खुर्च्या. त्यांचे विमे तिनंच उतरवले होते.

तिनं बटण दाबलं नाही. दुसऱ्या कुठल्या पत्त्यावरून कळवलं असतं, तर लायलसारखे क्लबच्या मेलचीच वाट बघत बसले असते. तिनं शेजारी बसलेल्या ड्वेनचा फोन घेतला, आजच्या मेलला उत्तर द्यायला लागली आणि सगळ्या सभासदांचे पत्ते खाली चिकटवले.

ड्वेन खांद्यावरून वाचत होता. "'नमस्कार. आपण आमच्यासाठी एवढं करता आहात, त्याबद्दल आभारी आहोत. जमलं तर उद्याचा मेल या सगळ्यांना पाठवाल का? घाई नाही.' घाई नाही? कोरिन, उद्या सकाळी माणसं बुडतील!"

"अरे, पण असं एकदम कसं अंगावर जायचं? आपली ओळखसुद्धा नाही."

"निदान 'घाई नाही' तरी काढ."

तिनं 'फारशी' हा शब्द वाढवला आणि पाठवून दिलं.

उत्तर लगेच आलं. 'त्रास कसला.'

ऑफिसातला हीटर टकटक करत होता.

"आपल्यातलेच दिसतात," ड्वेन हळूच म्हणाला.

शनिवारी सकाळी कोरिन गाडी काढून उताराकडे निघाली. रस्त्यात वळणावर तलाव दिसतो. तिकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ती बघत होती.

बर्फ रिकामा होता.

गाड्या होत्या. सगळ्या काठावर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, नाकं तलावाकडे करून उभ्या. माणसं हात खिशात घालून घोळक्यानं उभी होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मुलांना हाताला धरून ठेवलं होतं.

लायल तिच्याकडे आले. फोन त्यांनी छातीशी धरला होता.

"मेल आला," ते म्हणाले.

"काय म्हणतो?"

"तूच लिहिलायस ना?"

कोरिन काही बोलली नाही. म्हणजे ठीक आहे, असं लायल यांनी धरलं. त्यांनी वाचून दाखवलं. 'आज गाड्या आणू नका. काल एक वरून गेली. खालून चाकं दिसतात.'

"थोडं वेगळं लिहिलंयस," लायल म्हणाले. "पण समजलं सगळ्यांना. माझी बायको तर परत गाडीत बसायला तयार नाही."

दहाच्या सुमारास खिंड उघडली.

आवाज मोठा नव्हता. कुणीतरी जड कपाट जपून बंद करावं तसा. एक काळी रेघ इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत गेली, रुंद झाली, आणि तिच्यात पाणी हललं.

लायल यांनी टोपी काढली.

मग कुणाचं तरी पोर हसलं आणि सगळ्यांचा रोखलेला श्वास एकदम सुटला. माणसं एकमेकांच्या पाठी थोपटायला लागली. वीस वर्षं न बोललेले दोन भाऊ बोलले, जरा वेळानं पुन्हा भांडले. गाड्यांच्या मागच्या फळ्या उघडल्या, शेगड्या पेटल्या, तिखट घेवड्याचं मोठं पातेलं चढलं. स्पर्धा तर व्हायलाच हवी होती. ती वाहनतळावर झाली. लोकांनी घरी जाऊन आपापल्या फ्रीझरमधले मासे आणले, आणि पहिलं बक्षीस एका बाईनं गेल्या ऑगस्टमध्ये गोठवलेल्या माशाला मिळालं. कोरिनचे गाल दुखेपर्यंत हसून झालं. सगळं संपल्यावर ती गाडीत जाऊन थोडी रडली. नाक पुसलं आणि बरं वाटलं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सोमवारी तिनं नोंद दुरुस्त केली. तिनं आपलं नाव घातलं. दुसरं काढलं नाही.

"दोन्ही ठेवू का?" डेझमंडनं विचारलं.

"राहू दे."

"सगळं हिरवं आहे, मॅडम. आता तुमची ओळख पटली." तो खूश झाला, आणि कोरिनही. दुसऱ्या दिवसापासून तिचे मेल जायला लागले. दुसरे मेल बंद झाले. ज्यांचं काम झालं, ते उगीच रेंगाळले नाहीत.

एक गोष्ट मात्र राहिली होती, आणि ती ड्वेननं काढली.

"काहीतरी द्यायला हवं त्यांना."

"कुणाला?"

"काही न देणं बरं दिसत नाही, कोरिन. एवढं केलं माणसांनी."

त्यानं 'माणसांनी' म्हटलं, ते तिनं तसंच राहू दिलं. कोरिननं चॉकलेट-शेंगदाण्याच्या वड्या केल्या, पसरट भांडं भरून. तळाला नेहमीसारखी आपल्या नावाची चिकटपट्टी लावली, भांडं परत यावं म्हणून. काठाजवळ उरलेल्या बर्फाच्या कडेवर तिनं ते झाकून ठेवलं. अगदी मूर्खासारखं वाटलं. सकाळी तो बर्फ नव्हता आणि भांडंही नव्हतं. दोघांनी मान हलवली आणि विषय संपवला.

मे महिन्यात ती दोघं क्लबचा लाकडी धक्का पाण्यात बसवायला गेली. ऊन लख्ख होतं, तलाव निळा, पाखरं ओरडत होती. शेवटची फळी ठोकून झाली आणि ड्वेन म्हणाला, "हे तुझं ना?"

भांडं धक्क्याच्या टोकाला होतं. घासून लखलखीत केलेलं, तळाची चिकटपट्टी जागच्या जागी. ठोकाठोकी चालू असताना ते तिथं नव्हतं. आत, बरोबर मधोमध, वडीचा एक तुकडा होता.

इथे शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. वाईट दिसतं ते. ज्याला हवा असतो तो सुरीनं अर्धा कापून घेतो आणि अर्धा ठेवतो. पुढचा त्याचा अर्धा घेतो, त्याच्या पुढचा त्याचा अर्धा. हा तुकडा मुगाएवढा उरला होता, आणि त्याच्या सगळ्या कडा सरळ होत्या.

कोरिन मनात मोजायला लागली, किती जणांना संकोच वाटला असेल. मग तिनं मोजणं थांबवलं.

"चांगल्या झाल्या असणार," ड्वेन म्हणाला.

ती हसली. खरंच बरं वाटलं तिला. दोघं हातोडी, खिळे आणि पान्हे गोळा करायला वळले, खोक्यात भरले, झाकण लावलं. भांडं उचलायला ती परत टोकाशी आली.

तुकडा अर्धा झाला होता.