नायिकेचं काम

कारंज्याला हुकूमचंद मामांकडे राहायला आले त्या वर्षी, एकाहत्तर साली, मामांना जेवायला बोलवायला मी त्यांच्या कापसाच्या गोदामात गेले. आत नाटकाची तालीम चालली होती. सदऱ्यावरून पदर घेतलेला एक तरुण नवऱ्याच्या आठवणीचं वाक्य म्हणत हमसून रडत होता. मला हसू फुटलं.

तो थांबला. "हसता काहून? रडून दाखवा मंग."

मी तेच वाक्य म्हटलं... तालीम घेणाऱ्या पुंजाजी गुरुजींनी डोळे पुसले.

तो पदमचंद, कापड दुकानदार भागचंदांचा मुलगा. गावातल्या नाटकांत नायिकेचं काम कायम त्याचंच. बायांनी रंगमंचावर उभं राहायची तिथं रीत नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी तोच मामांची मनधरणी करायला घरी आला. म्हणाला, "मी इतके वर्षं रडलो, कोनाले रडू नाही आलं. ही तारामती बोलली अन् गुरुजीचे डोये भरले."

मामा ऐकेनात. शेवटी भागीरथी मामीनंच होकार दिला.

पदर ओढताना चेहरा झाकायचा नाही, आधी हुंदका की आधी शब्द — सगळं त्यानंच शिकवलं. बाईला पदर सांभाळायला पुरुषानं शिकवावं, याची मला गंमत वाटायची. घरी आरशासमोर मी त्याचीच नक्कल करायचे.

प्रयोग तोंडावर आला आणि नवऱ्याचं काम करणारा गडी अडून बसला. खऱ्या बाईसोबत त्याची बायको त्याला काम करू देईना. सगळं नाटक पाठ असलेला एकटा पदमचंद. पुंजाजी गुरुजींनी त्याला माझ्यासमोर उभं केलं. बायको होऊन नजर रोखून बोलणारा हा माणूस, नवरा होताच जमिनीकडे पाहायला लागला.

गुरुजी वैतागून चहाला गेले. मी हळूच म्हटलं, "तुमी मले इतकं शिकवलं. आता पाहा ना माह्याकडे."

"पाह्यलं तर..." तो अडखळला, "मंग ते सोंग नाही राहायचं, तारामती."

हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. एक त्याच्या पापणीवर टेकला.

"नाही राह्यलं तर नाही राह्यलं," मी म्हणाले. "पाहा."

त्यानं पाहिलं.

प्रयोग रंगला. पडदा पडल्यावर मामा आत आले. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि पदमचंदला म्हणाले, "तुया बाबूजीले सांग, उद्या सोयरिकीचं बोलायले येतो."

तो त्यांच्या पायाशी वाकला. त्याच्या शेजारी मीही वाकले. कितीतरी वेळ वर उठावंसंच वाटेना.