शेवटच्या खाटेपर्यंत

घुंऽऽऽ...

पहाऱ्यावरच्या धर्मसिंगकाकांनी गळ्यातल्या वीणेची तार छेडली आणि कर्ण्यांतून सुराऐवजी मोहोळ उठल्यासारखी गुणगुण बाहेर पडली. शिरड शहापूरचा सगळा मंडप कानांवर हात ठेवून हसला.

"वीणेची वायर उपटून टाका!" सप्ताहाचे अध्यक्ष तातेराव कडाडले. "दहा मिनिटांत काल्याचं कीर्तन उभं करायचंय."

कीर्तनाला उभी राहणार होती त्या मिनाचं तोंड उतरलं. तिचं हे पहिलंच काल्याचं कीर्तन. पार मागं, शेवटच्या खांबाशी, तिचे बाबा धनसिंग खाटेवर बसले होते. तीस सप्ताह त्यांनी हीच वीणा गळ्यात घेऊन पहारा दिला, पण तिचा सूर कधी तिसऱ्या रांगेपलीकडं गेला नाही. आता पाय गेले होते. मिनानं शब्द दिला होता – बाबा, यंदा वीणा तुमच्या खाटेपर्यंत येईल.

"उपटू नका! पाचच मिनिटं..." हिंगोलीचा साउंडवाला ओमप्रकाश धापा टाकत आला. कपाळी अष्टगंध, खांद्यावर वायरींचं वेटोळं, हातात डब्याएवढी लोखंडी पेटी. "लांब वायर सरळ मशीनला जोडली, चूक माझी. मधी ही डीआय बॉक्स पाहिजे. वीणेचा आवाज नाजूक असतोय, महाराज. एवढ्या लांब एकटा गेला की वाटेत लायटीची गुणगुण चिकटती. ही पेटी त्याला बराबर पोचवती."

"महाराज?" मिनानं भुवई उडवली. "मी तुमच्याहून लहान असंन."

"गादीवर उभं राहील ते महाराजच."

तेवढ्यात धर्मसिंगकाका म्हणाले, "पोरा, पहाटपासून उभा हाय, जरा धर." अन् वीणा त्याच्या गळ्यात घालून ते चहाला पसार झाले!

ओमप्रकाश जागीच खिळला. सप्ताह चालू असताना वीणा खाली टेकवायची नसते, अन् ती गळ्यात असताना मुखातलं नाम थांबवायचं नसतं.

"आता?" मिनानं विचारलं.

"रामकृष्णहरी... आता तुमीच जोडा. रामकृष्णहरी..."

मिना पदर खोचून खाली बसली.

"वीणेची वायर डावीकडं... रामकृष्णहरी... अन् मशीनची जाड वायर – अहो, डावीकडं म्हणलं मी!"

"तुमचं डावं का माझं?"

"दे... देवाचं!"

ती खुदकन हसली. त्याचं नाम चुकलं, कान लाल झाले.

वायरी बसल्या. त्यानं तार छेडली. सूर आला, पण त्याच्याखाली अजून बारीक घुं...

"बाजूला बारकं बटन हाय, दाबा. गुणगुणीची वाटच तुटती!"

तातेरावांनी वायरीला हात घातला, त्याच क्षणी मिनानं डोळे मिटून बटन दाबलं.

चिडीचूप. ओमप्रकाशनं पुन्हा तार छेडली...

टणंऽऽऽ! सूर मंडप ओलांडून पार हळदीच्या शेतांपर्यंत गेला. शेवटच्या खांबाशी बाबांचे दोन्ही हात वर झाले. "पोचली गं माय! पोचली!"

तातेरावांचा वायरीवरचा हात आपोआप नमस्काराला कपाळाशी गेला.

आता वीणा कीर्तनकाराच्या गळ्यात द्यायची, आणि रीतीप्रमाणं दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. दोघंही एकदमच वाकले – टक्! डोक्याला डोकं. टाळकरी फिस्सकन हसले. मिना वर आली ती हसतच, आणि त्याच हसऱ्या गळ्यानं तिनं असा अभंग उचलला की दोन तास कुणी जागचं हललं नाही.

हंडी फुटली, काला वाटला गेला. चौघांनी बाबांची खाट उचलून गादीपाशी आणली. मिनानं वीणा त्यांच्या गळ्यात घातली.

ओमप्रकाश वायरी गुंडाळत होता. एकच राहिली होती – वीणेची.

"पुढचं कीर्तन कुठं, महाराज?"

"हट्टा गावात. एकादशीला."

"पेटी पाठवून देऊ?"

"पेटी येईल हो... पण बटन मला सापडायचं न्हाई."

"काहून? आज तर डोळे मिटून सापडलं!"

"आज..." तिची नजर पायाच्या अंगठ्यावर गेली. "आज समोर तुमी होतात."

त्याच्या हातातलं वेटोळं गळून पडलं. "मग... जलमभर समोर उभा राहिलो, तर चालंल?"

मिनानं द्रोणातला काला उचलून त्याच्यापुढं धरला. "तोंड उघडा. अन् नाम चुकवू नका."

खाटेवर बाबांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी हसत तार छेडली. वायर अजून जोडलेलीच होती... अख्ख्या शिरड शहापूरनं ती ऐकली.