करंगळीची तपासणी

येडशी स्टेशनावरचा चहा इतका कढत असे की पितळी पेला धोतराच्या नाहीतर लुगड्याच्या पदरानंच धरावा लागे. समोरच्या बाकावरच्या मुलीनं मात्र पेल्याचं बूड डाव्या करंगळीवर टेकवलं होतं आणि ती खुशाल रुळांकडं पाहत होती. डॉक्टर वीरप्पाला राहवलं नाही.

"हात भाजत न्हाई का?"

"भाजत असंल तर हाताला ठाऊक," ती म्हणाली. "मला सांगत न्हाई तो."

वीरप्पा हैदराबादेत डॉक्टरी शिकून धाराशिवच्या दवाखान्यात रुजू व्हायला निघाला होता. ती माकणीच्या कल्याणप्पा वाण्यांची शिवगंगा. वडील शेजारीच मान खाली घालून बसले होते. करंगळी बधिर झाली, ठरलेलं लग्न मोडलं, गावात महारोगाची कुजबुज सुरू झाली. आता बाप लेकीला निजामाच्या हद्दीबाहेर, महारोग्यांच्या दवाखान्यात कायमचं ठेवायला निघाला होता. हे सगळं तिनंच सांगितलं, डाळीचा भाव सांगावा तसं.

"गाडीला वेळ आहे. तपासू का?"

"बघा," कल्याणप्पा म्हणाले. "आता आणखी काय बिघडायचंय."

वीरप्पानं पेटीतून कापूस काढला. "डोळे मिटा. कापूस लागला की सांगा."

तिनं डोळे मिटले. "लागला."

"मी अजून उचललाच न्हाई."

तिच्या गालावर लाली चढली... "मग घाई करा की."

"खोटं सांगून सुटका व्हायची न्हाई. बधिरपण कुठं सुरू होतं, कुठं संपतं, ते मला कळायला पाहिजे."

मग मात्र तिनं खरं सांगितलं. कापूस, टाचणी, चहाचा ऊन पेला, माठाचा गार तांब्या... करंगळीला काहीच कळेना. अनामिकेची करंगळीकडची कड बधिर, दुसरी शाबूत. बाकी हात जागा होता. अंगावर चट्टा कुठंच नव्हता. वीरप्पानं तिच्या कोपराच्या मागची शीर चाचपली, दुसऱ्या हाताचीही पाहिली आणि डावीवर बोटानं हलकेच टिचकी मारली.

"आई गं — करंगळीत मुंग्या आल्या!"

"महारोगात ही शीर दोरीसारखी जाड होते. तुमची मऊ आहे, नुसती दबलीये." त्यानं तिच्या गळ्यातल्या करडगीकडं, इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीकडं पाहिलं. "पूजेत लिंग ठेवलेला डावा तळहात डोळ्यांसमोर धरता, तेव्हा कोपर कशावर टेकता?"

"चौरंगाच्या कडेवर."

"किती वेळ?"

"आधी थोडाच. बोट बधिरलं तशी बरं कर म्हणून लई वेळ बसाया लागले."

वीरप्पाला हसू आवरेना. "मी बी लहानपणी लिंगपूजेला असंच कोपर टेकायचो. आजी कोपराखाली घोंगडीची घडी सरकवायची. देवाला बरं कर म्हणत तुम्हीच रोज शीर दाबत होता."

शिवगंगा हसली नाही. तिनं तोंड फिरवलं आणि पदरानं डोळे पुसले. इतके महिने ती रडली नव्हती, हे कल्याणप्पांच्या आत्ता कुठं लक्षात आलं.

"तुमचं खरं," ते म्हणाले, "पण गाव मानायचं न्हाई. हिच्या हातचं पाणी कुणी घेत न्हाई."

शिवगंगानं शिदोरी सोडली. दोन्ही हातांनी भाकरी मोडून, वर शेंगाचटणी घालून तिनं ती डॉक्टरपुढं धरली.

वीरप्पानं भाकरी घेतली. शांतपणे सगळी खाल्ली, पुन्हा हात पुढं केला.

"महिन्यानं शीर परत बघावी लागंल," तो म्हणाला. "मी माकणीला येईन."

"तपासायला?"

"तपासायला... आणि तुम्हाला बघायला. आवडलात मला."

तिनं मान खाली घातली. "या," ती म्हणाली, "पण तपासायचं निमित्त एकदाच चालंल."

गाडी येऊन उभी राहिली. कल्याणप्पांनी गाठोडं उचललं नाही. त्यांनी घसा खाकरला, पागोटं नीट केलं आणि सोयरिकीला बसल्यासारखं विचारलं,

"तुमच्या घराण्याचा मठ कुठला म्हणालात, डॉक्टरसाहेब?"