पिंपळदऱ्याच्या बारवेतली जलदेवी

ती गोष्ट २०१९ सालची. शहराचं नाव तेव्हा अजून औरंगाबाद होतं. साल सरत आलं होतं आणि वेरूळच्या वाटेवर ज्वारीची कणसं दुधात भरली होती. हुरड्याचे दिवस. रविवार उजाडला की शहरातली माणसं गाड्या भरभरून शेतांवर यायची, जमिनीत खणलेल्या आगटीच्या विस्तवाभोवती कोंडाळं करून बसायची आणि परतताना एखादं लेणं, एखादी जुनी विहीर पाहून जायची.

अशाच एका रविवारी पिंपळदऱ्याच्या बारवेतून जलदेवी नाहीशी झाली.

फोन आला तेव्हा फौजदार करुणा पगारे ठाण्यात बसून समोरच्या चहाकडं बघत होती. चहावर साय धरली होती. वडील वारले होते; त्यांचं पुण्यानुमोदन उरकून ती कालच कामावर रुजू झाली होती. लोक भेटायला येत, बोलत, जात. तिला सगळं ऐकू यायचं. आत काही हलायचं नाही.

"मॅडम, पिंपळदऱ्याची मूर्ती गेली," हवालदार सोमनाथ म्हणाला. "शेजारच्या शेतमालकानं फिर्याद दिलीय. साहेबांचाही फोन होता. पेपरवाले निघालेत. संध्याकाळच्या आत अटक दाखवा म्हणाले."

"कुणाला?"

"राखणदाराला. चावी त्याच्याकडंच असते."

"मग माझं काय काम?" असं म्हणून करुणा उठली.

पिंपळदऱ्याची बारव म्हणजे जमिनीत खोल उतरत गेलेली पायऱ्यांची विहीर. कित्येक वर्षं ती काट्याकुट्यांनी आणि गाळानं बुजलेली होती. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या इतिहासवेड्या मंडळींनी आणि गावकऱ्यांनी मिळून ती उपसली. उपसताना शेजारच्या शेताचे मालक विश्वजीतराव यांच्या टोपल्यात देवीची काळी मूर्ती निघाली, हातभर उंचीची. भिंतीतल्या कोनाड्यात ती बसवली, पुढं लोखंडी जाळीचं दार आलं, दाराला कुलूप आलं. आणि विश्वजीतरावांच्या शेतावर हुरडा खायला येणाऱ्यांची रीघ लागली.

राखणीला बन्सी साळवे होता. त्याच्या आजोबांच्या काळी त्यांच्या वस्तीनं काठावर घागर ठेवून उभं राहायचं, खाली उतरायचं नाही. कुणाला दया आली तर पाणी ओतलं जायचं. त्याच बन्सीच्या कमरेला बारवेची चावी, हे गावात काहींना अजून पचलं नव्हतं.

करुणा पोचली तेव्हा काठावर गर्दी होती. जाळी उघडी, कोनाडा रिकामा. कुलूप कडीला लटकत होतं, ओरखडाही नव्हता.

"कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

बन्सी एका पायरीवर बसला होता. करुणाला पाहून उठला. "जय भीम, मॅडम," तो हळूच म्हणाला. गर्दीत माना एकमेकांकडं वळल्या.

"जय भीम. बसा, बन्सीभाऊ. चावी कुठं होती?"

"कमरेला. आता बी हाय."

"कुणाला दिली होती?"

"कुनाला बी नाय. काल दिवस बुडताना कुलूप घालून गेलतो. सकाळी येऊन बघतो तर ह्ये."

"कुलूप कुणी आणलं होतं?"

"मालकानं. नवं कोरं. एक चावी दिली आन् म्हनले, तूच जप."

"मूर्तीची पुसापुशी तुम्हीच करायचा?"

"नाय. पायऱ्या झाडायच्या, पानी मारायचं. देवीला मातर हात लावायचा नाय. तसा हुकूमच व्हता. मालक सोताच पुसायचे." त्यानं नजर खाली घातली. "का, ते तुमाला येगळं सांगाया नको."

सांगायला नकोच होतं. करुणानं मान हलवली आणि तो प्रश्न तिथंच सोडला.

"मॅडम, जेलाचं भ्याव नाय मला," बन्सी म्हणाला. "पन आज मी चोर ठरलो, तर उद्यापास्नं आमच्या पोरीबाळी ह्या पायऱ्या उतरल्या की लोक म्हनतील, चोराची मानसं आली. आज्याच्या टायमाला जसं काठावर, तसं पुन्ना काठावर. येवढंच बघा."

करुणा वर आली. रस्त्याकडच्या कमानीवर विश्वजीतरावांचा मोठा फलक होता. 'हजार वर्षांची जलदेवी. सोबत अस्सल हुरडा.' फोटोत फेटा बांधलेले विश्वजीतराव हसत उभे होते. एका हातानं मूर्ती डोक्यावर उचललेली, दुसरा हात लोकांना हलवत. बाजूला गुलाल उडत होता. करुणा त्या फोटोकडं बराच वेळ बघत राहिली. का, ते तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

विश्वजीतराव आगटीजवळ भेटले. चाळिशीचे, इस्त्रीच्या कपड्यांतले.

"कुलूप तुम्हीच आणलं होतं?"

"हो. खर्च माझा, श्रेय गावाचं!" ते हसले. "मॅडम, राग मानू नका. एकच विनंती आहे. आपला माणूस म्हणून कुणाला पाठीशी घालू नका. लोक बोलतात."

"लोकांना बोलू द्या. सकाळपासून तुम्ही कुठं होतात?"

"इथंच. पाहुणे येणार होते, तयारी बघत होतो."

"ही आगटी आज खणलेली दिसते. जुनी कुठंय?"

"ती काय, बांधाकडं. वारं फिरलं, धूर पाहुण्यांच्या डोळ्यांत जायला लागला. म्हणून बुजवून घेतली."

जुनी आगटी बारवेच्या काठापासून हाकेच्याही अलीकडं होती. वर ताजी माती, मातीवर शेणाचा सडा. करुणानं वाऱ्याकडं तोंड केलं. दोन्ही आगट्या एकाच वाऱ्यावर होत्या.

पाहुण्यांमध्ये रत्नमालाबाई होत्या, इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका. दर महिन्याला शहरातल्या लोकांना जुने दरवाजे, पाण्याच्या नहरी, बारवा दाखवत हिंडणाऱ्या. डोळे पुसत बसल्या होत्या.

"उद्या पुरातत्त्वचे अधिकारी यायचे होते, गं! मीच मागं लागून बोलावलं होतं. एक दिवस, एकच दिवस आधी!"

"तुम्ही मूर्ती हातात घेऊन पाहिली होती?"

"छे! विश्वजीतराव फार जपायचे. जाळीतूनच पाहिली. पण काळा पाषाण तो, मी दुरूनही ओळखते."

"आज हुरडा कसा होता?"

बाई चमकल्या. "हे काय विचारणं झालं? सुरुवातीचा तर टाकूनच दिला आम्ही. प्लास्टिक जळाल्यासारखा वास मारत होता. मग दुसरी आगटी पेटवली त्यांनी."

शेजारी एक म्हातारे गृहस्थ चटणी-गूळ खात निवांत बसले होते. गुलमंडीजवळ त्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान. जमीलभाई.

"यांना विचारा की!" मागून विश्वजीतराव म्हणाले. "कालच आले होते, देवीकडं टक लावून बघत होते."

"बघितली की," जमीलभाई शांतपणे म्हणाले. "आँखां हैं तो देखतेच ना, साब."

"विकत मागितली होती का?" करुणानं विचारलं.

"फुकट में बी नक्को थी, बेटा, मेरे कू."

"का?"

"वो मत पूछो. हमारे धंदे का दस्तूर है. ज्याच्या घरचं मीठ खाल्लं, त्याच्या मालाला नाव ठेवायचं नाही."

करुणानं त्यांच्याकडं पाहिलं. जमीलभाईंनी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि दुसरीकडं बघायला लागले.

आता धोंडिबा राहिला होता. हुरडा भाजणारा म्हातारा. तळहात काळे, भुवया धुरानं पिवळ्या.

"आजोबा, जुनी आगटी का मोडली?"

"वास सुटला, बाई. लई घान. मी म्हनलं, उकरून बघतो. तर मालक पळतच आले. म्हनले, कुनी पिशवी टाकली असंल, उकरू नको, बुजीव."

"धूर डोळ्यांत जात होता म्हणून नाही?"

"धूर? आगटीपाशी बसायचं आन् धुराला भ्यायचं व्हय?" म्हातारा खोकत हसला.

"सकाळी आगटी पेटवलीत तेव्हा जवळ कोण होतं?"

"पेटवायची कशाला? मी इस्तू इझू देत न्हाई. रातच्याला राख वढून ठेवतो, सकाळी गवऱ्या लावल्या की झालं. मी कनसं घेऊन आलो तवा मालक हितंच हुबे व्हते. लई लवकर उठले म्हनलं आज."

करुणा तशीच उभी राहिली. थंडीत वडील तिला मित्राच्या शेतावर न्यायचे ते तिला आठवलं. तिचा लहान हात धरून म्हणायचे, वरून गार दिसते म्हणून राखेत हात घालू नकोस, बाळा. आठवण आली आणि गेली. डोळे कोरडेच राहिले.

मग तिला दुसरं काहीतरी दिसलं. देवीला हात लावायचा नाही या हुकमाचा, बन्सीपाशी तिनं अर्ध्यावर सोडलेला प्रश्न.

"सोमनाथ, फावडं घ्या. सगळ्यांना इकडं बोलवा. बन्सीभाऊंनाही."

माणसं बांधाशी जमली. विश्वजीतराव पुढं झाले. "मॅडम, हे काय? पाहुण्यांसमोर शेत उकरणार?"

"आगटीच उकरायची आहे. तुम्हाला हरकत आहे?"

विश्वजीतराव बाजूला सरले.

"जपून हं, अजून ताव असंल," धोंडिबा म्हणाला.

सोमनाथनं माती ओढली. राख ओढली. वाफेबरोबर उग्र वास आला, तशा बायकांनी नाकाला पदर लावले. मग फावड्याला काहीतरी अडकलं. आधी निघाली पांढरट जाळी, जळक्या कापडासारखी. तिच्यामागून काळा चिकट गोळा. गोळ्याला एका बाजूनं अर्धा चेहरा शाबूत होता. देवीचा.

"दगड जळतो का, बाई?" करुणानं विचारलं.

रत्नमालाबाई वाकून तो गोळा जवळून बघायला लागल्या.

"ही फायबरची आहे. वर काळा रंग, दगडाची भुकटी. मूर्ती गाळात निघाली नव्हती. टोपल्यात ठेवून काढली होती." तिनं कमानीकडं बोट केलं. "तो फोटो बघा. हातभर उंच पाषाण एका हातानं डोक्यावर धरून कुणी हसत उभं राहील? मान मोडेल. जमीलभाईंनी ते काल जाळीतूनच ओळखलं. पण पाहुणचाराला जागले."

जमीलभाईंनी मान खाली घातली.

"उद्या अधिकारी येणार. ते पहिल्यांदा मूर्ती हातात घेणार. म्हणून आजच ती जायला हवी होती, तीही चोरीनं. म्हणजे देवीचं नाव राहील आणि खोटेपणा झाकला जाईल. नव्या कुलपाबरोबर कधी एकच चावी मिळते का? दुसरी यांच्याकडं होती. भल्या पहाटे मूर्ती काढली, वर आणली, तोवर धोंडिबा कणसं घेऊन येताना दिसले. लपवायला जवळ काय, तर आगटी. वरून राख गार दिसत होती. यांनी जन्मात हुरडा भाजलेला नाही. खाली विस्तव असतो हे यांच्या गावीही नव्हतं. धोंडिबा तिथून हलेनात, मूर्ती काढता येईना. वास सुटला, तेव्हा बुजवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. मला मात्र वाऱ्याचं कारण सांगितलं."

"हे सगळे तुमचे अंदाज—" विश्वजीतराव म्हणाले.

"दुसरी चावी घरात सापडेल किंवा खिशात. आत्ताच बघू."

त्यांचा हात आपोआप खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला. सगळ्यांनी ते पाहिलं.

"नुसती बारव बघायला कुत्रं थांबत नव्हतं," ते एकदम ओरडले. "देवी आली आणि गाड्या थांबल्या! गावाचंच भलं झालं ना? कुणाचं काय गेलं?"

"बन्सीभाऊंचं जात होतं," करुणा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आणि एक ऐका. राखणदाराला मूर्तीला हात लावू द्यायचा नाही, हा यांचा हुकूम. दोन वर्षं गावानं ऐकला. का, म्हणून एकानंही विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, कारण आपल्याला ठाऊक आहे. बन्सीभाऊंनाही तेच वाटलं. सकाळी मलासुद्धा तेच वाटलं. खरं कारण एवढंच होतं, की हात लावला असता तर त्यांना वजन कळलं असतं. यांनी त्या जुन्या कारणाआड ही खोटी देवी लपवली. याहून बरं कुलूप यांना कुठल्या दुकानात मिळालं नसतं."

बन्सी राखेतल्या त्या अर्ध्या चेहऱ्याकडं बघत होता. मग तो वाकला, आणि पहिल्यांदाच त्यानं तो उचलून हातात घेतला.

"हलकी हाय," तो म्हणाला.

पुढं विश्वजीतरावांवर फसवणुकीचा आणि खोटी फिर्याद दिल्याचा गुन्हा लागला. जामीन लगेच झाला. खटला अजून तारखांवर चालतो, आणि त्यांच्या शेतावर हुरड्याला गर्दी पहिल्यापेक्षा जास्त असते. धोंडिबानं दुसऱ्या वर्षी दुसऱ्या मळ्यावर आगटी घातली. पुढच्या हिवाळ्यापर्यंत तो राहिला नाही. रत्नमालाबाई अजून लोकांना बारवा दाखवतात, पण कशाचंही वय सांगताना जरा थांबतात. जमीलभाईंनी दुकान मुलावर सोपवलं. करुणाची बदली परभणीला झाली. वडिलांसाठी तिला रडू आलं ते तिकडंच, दोन वर्षांनी, भर बाजारात, काही कारण नसताना.

बन्सीनं राखण सोडली. बिडकीनच्या बाजूला एका कारखान्यात तो पहाऱ्याला लागला. गावातली चार शहाणी माणसं एकदा चावी घेऊन त्याच्या घरी गेली होती. म्हणाली, "बन्सी, झालं गेलं इसर. तू चोर न्हाईस हे आता समद्यांना पटलंय. पुन्ना राखनीला ये."

बन्सीनं त्यांना चहा पाजला.

"इसरतो की," तो म्हणाला. "पन देवी खोटी निघाली म्हनून सुटलो मी. खरी असती आन् खरंच कुनी नेली असती, मग?"

चौघांनी चहा संपवला. जाताना त्यांनी चावी परत नेली.