दोरावरचा होकार

शिखर गाठायचे आणि बाबांच्या तोंडून एक शब्द मिळवायचा, एवढ्यासाठी अस्मी या मोहिमेला निघाली होती. तिला इंजिनीअरिंग सोडून अमिरातीतल्या खोरफक्कानच्या समुद्रावर डायव्हिंग शिकवायचे होते. काम मिळालेही होते. पण तिचा व्हिसा बाबांच्या, म्हणजे संजयच्या नावावर होता आणि संजय परवानगी देत नव्हता.

संजय नोकरीनिमित्त काही वर्षे जपानमध्ये राहिला होता. तिथे तो डोंगरात तप करणाऱ्या यामाबुशींच्या नादी लागला. बुद्ध, शिंतो धर्माचे डोंगरदेव आणि चीनकडून आलेले ताओ विधी यांची सरमिसळ होऊन बनलेला त्यांचा पंथ. डोंगर म्हणजे गर्भ. पांढऱ्या कपड्यांत, मेल्यासारखे आत शिरायचे आणि नवा जन्म घेऊन उतरायचे. वाटाड्या जे सांगेल त्यावर शिष्याने एकच उत्तर द्यायचे, "उकेतामो." म्हणजे, स्वीकारले. प्रश्न नाही, तक्रार नाही.

दुबईतल्या अल बर्शाच्या फ्लॅटमध्ये जेवता जेवता त्याने सौदा मांडला. "डोंगर पूर्ण कर. एकदाही कुरकुर नको. शिखरावर तुला हवं ते माग, मी उकेतामो म्हणेन."

"डील," अस्मी म्हणाली.

अस्मीच्या आईला, उर्मिलाला हे पटले नव्हते. पण बापलेकीच्या रोजच्या भांडणाने ती इतकी विटली होती की डोंगर तर डोंगर, असे म्हणून तीही निघाली.

चौथा त्यांच्या ओळखीचा डॅनियल. मूळचा वसईचा, दुबईत हॉटेलात नोकरीला आणि सुट्टी मिळेल तेव्हा 'हजर' नावाच्या पर्वतरांगेच्या कड्यांवर. दोर त्याचा होता.

मार्च सरत आला होता. रास अल खैमा शहराच्या मागे, वाडीच्या, म्हणजे पावसापुरत्या वाहणाऱ्या ओढ्याच्या, कोरड्या पात्रात गाडी उभी करून ते चौघे पांढऱ्या कपड्यांत उभे राहिले. संजयने शंख फुंकला. दरीने तो आवाज परत केला. मग त्याने मंत्र सुरू केला. संस्कृतच, पण जपानी तोंडातून फिरून आल्यामुळे ओळख हरवलेला. वरच्या कपारीतल्या शेळ्यांनी माना वळवून पाहिले आणि त्या पुन्हा चरू लागल्या.

सुरुवातीची चढण सोपी होती. जुन्या दगडी घरांचे पडके अवशेष, त्यांच्यापुढे कधीकाळी गहू पिकवलेल्या लहान लहान पायऱ्यांची शेती, बोरीची काटेरी झाडे आणि त्या सगळ्यावर राखाडी, रापलेला, सावली नावालाही नसलेला डोंगर. पाणी कधी प्यायचे तेही संजयच ठरवत होता. शंख वाजला की थांबायचे, प्यायचे, पुन्हा चालायचे.

बोरींच्या गर्दीतून वाकून जाताना अस्मीची सॅक काट्यांना घासली. आतली नळीवाली पाण्याची पिशवी फाटली. पाणी पाठीवरून ओघळत गेले आणि उन्हाने ते बघता बघता वाळवून टाकले. तिच्या मागे कोणी नव्हते. ती चालत राहिली. बोलणे म्हणजे तक्रार, आणि तक्रार म्हणजे खोरफक्कान गेले!

पुढच्या शंखाला तिने नळी तोंडात धरली आणि प्यायल्यासारखे केले.

घसाऱ्याचा टप्पा आला. पाऊल टाकले की दगड सुटत, खाली धडाडत जात. डॅनियलने पुढे जाऊन वाट धरली. उर्मिला एकदा गुडघ्यावर आपटली. उठताना तिचे लक्ष लेकीच्या ओठांकडे गेले. पांढरे, भेगाळलेले. कपाळावर घामाचा थेंब नाही.

"पाणी आहे ना गं?" तिने हळूच विचारले.

अस्मीने वर उभ्या असलेल्या बापाकडे पाहिले. "उकेतामो."

उर्मिलाला वाटले, आहे म्हणते आहे. ती चालू लागली.

शिखराच्या अलीकडे एक सुळका दरीवर झुकला होता. संजय तिथे थांबला. आता शेवटचा विधी, तो म्हणाला. कड्यावरून डोके खाली करून लोंबायचे, बाकीच्यांनी दोर धरायचा आणि लोंबणाऱ्याने प्रश्नांना उत्तरे द्यायची. हा विधी जपानातल्या एका डोंगरावरचा आणि उकेतामो हा शब्द दुसऱ्याच डोंगरावरचा. दोन्हींची गाठ संजयनेच मारली होती.

"आमच्या चर्चमध्ये कन्फेशन सपाट जमिनीवर घेतात, वहिनी," डॅनियल पुटपुटला. पण त्याने काम चोख केले. संजय नको नको म्हणत असतानाही अस्मीला हार्नेस चढवला आणि दोराचे टोक मोठ्या धोंड्याला बांधले. तो धोंड्यापाशी बसला, मध्ये उर्मिला, कड्याच्या तोंडाशी संजय.

उर्मिलाने दोर हातात घेतला. नाही म्हणायची हीच वेळ होती. तिने मूठ आवळली.

अस्मी पालथी पडली, पुढे सरकली. आधी डोके दिसेनासे झाले, मग खांदे, मग कंबर.

"खरं बोलशील?" संजयने दरीत विचारले.

"उकेतामो." आवाज खरखरीत आला.

"सुरू केलेलं अर्ध्यावर टाकणार नाहीस?"

जरा वेळ गेला. "उकेतामो."

"आईवडिलांचा मान ठेवशील?"

उत्तर नाही.

"अस्मी! मान ठेवशील?"

काहीच नाही. संजयचा चेहरा कडक झाला. इथेही हट्ट, असे तो म्हणाला आणि पुन्हा विचारायला वाकला.

उर्मिलाच्या हातातला दोर एकदम जड झाला! दोर न सोडता ती काठाकडे सरकली. कड्याखाली पांढरी बाही झुलत होती. बोटे सैल. वाऱ्यावर, नुसती.

"ओढ!" ती किंचाळली. "संजय, ती शुद्धीवर नाही!"

दोर खसकन सरकला. धारदार दगडावर तो घासत होता. तंतू फुगून वर आले. डॅनियल मागे रेलला. उर्मिलाने टाचा रोवल्या. हाताची सालटी निघाली. ओढ! पुन्हा ओढ! संजय पालथा पडला, अर्धा दरीत वाकला आणि त्याने लेकीचा हार्नेस मुठीत पकडला. त्याचा शंख गळ्यातून सुटून खाली गेला. कितीतरी वेळाने फुटल्याचा आवाज आला.

अस्मी वर आली. अंग तव्यासारखे तापलेले.

डॅनियलने तिची सॅक उघडली आणि फाटलेली पिशवी संजयसमोर धरली. "खलास," एवढेच तो म्हणाला. शिखर हाकेच्या अंतरावर होते. त्याकडे कोणी पाहिले नाही.

ओले फडके, घोट घोट पाणी, आणि मग डॅनियलच्या पाठीवर अस्मी आणि परतीची वाट! घसाऱ्यावर संजय खाली उभा राहून सुटणारे दगड स्वतःच्या पायांवर घेत होता. वाडीत पोहोचेपर्यंत अस्मीने डोळे उघडले होते. संजयने बाटली पुढे केली. तिने ती डॅनियलने पुढे केल्यावरच घेतली.

रास अल खैमाच्या इस्पितळात सलाईन लागले. धोका टळला, डॉक्टर म्हणाले. संजय बाहेरच्या खुर्चीत बसून राहिला. पायांवर पट्ट्या, अंगावर तेच मळलेले पांढरे कपडे.

"तिला सांग, मी हो म्हणतोय," तो उर्मिलाला म्हणाला. "खोरफक्कान, डायव्हिंग, सगळं."

उर्मिलाने आत जाऊन सांगितले. अस्मी छताकडे बघत होती.

"उकेतामो."

"पुरे आता ते. डोंगर संपला, बाळा. माझ्याशी तरी नीट बोल."

एरवी इंग्रजीतच उत्तरे देणारी अस्मी या वेळी शुद्ध मराठीत बोलली. "दोर तूही धरला होतास, आई."

उर्मिलाने आपल्या सालटी निघालेल्या हातांकडे पाहिले. मग बाहेर आली.

"काय म्हणाली?" संजयने विचारले.

"तोच शब्द."

संजयने सुटकेचा निःश्वास सोडला. त्याला वाटले, लेक खूश झाली.