शिमे आजींचा मांजू

या, असे शेगडीजवळ सरका. ती योकानची, म्हणजे गोड लाल पुरणाची, वडी कापून घ्या, चहा किटलीत आहे. तुमच्या मोबाइलवर अजून लिहिलेलं दिसतं म्हणे, युनोकुबोला गेलात तर शिमे आजींचा मांजू, तो लाल पुरण भरून वाफवलेला गोड पाव, चाखा आणि घरच्यांसाठी एक खोका न्या. मालकीणबाई सांगत होत्या, दुपारभर तुम्ही ते दुकान शोधत हिंडलात. नाही सापडायचं. का नाही ते सांगतो, पण मग झोप लागली नाही तर मला दोष द्यायचा नाही. मी रात्रपाळीला इथेच खाली असतो, पण दिवे चालू ठेवण्यापलीकडे मी काही करू शकत नाही.

हे ज्याच्या बाबतीत घडलं त्याला मी चाळीस वर्षं ओळखतो. तात्सुहिको ओगिवारा. बस थांब्यासमोरचं भेटवस्तूंचं मोठं दुकान त्याचं होतं.

तीन वर्षांपूर्वीची तेवीस सप्टेंबर, शुक्रवार. दिवस आणि रात्र सारखे होतात तो दिवस. घरोघरी पितरांसाठी लाल पुरणात घोळवलेले भाताचे लाडू करतात, तसे त्या दिवशीही झाले होते. रात्री साडेआठला तात्सुहिकोकडे फोन आला. घाटातल्या वरच्या हॉटेलात ओसाकाहून सहल उतरली होती, लोक पहाटेच निघणार होते आणि सगळ्यांना घरी न्यायला मांजू हवे होते. तीस खोके. दुकानातल्या बायका सण म्हणून लवकर घरी गेल्या होत्या. त्याने स्वतःच खोके व्हॅनमध्ये भरले, बायकोला सांगितलं की तासाभरात येतो, आणि निघाला. साधं काम. पंचवीस मिनिटांचा रस्ता.

आता त्या खोक्यांबद्दल सांगायला हवं. प्रत्येक झाकणावर हसऱ्या म्हातारीचं चित्र होतं. ती शिमे आजी. ओढ्यावरच्या पुलापाशी तिचं एका खोलीचं दुकान होतं. आत एकच पातेलं. अझुकीचे लाल दाणे ती पहाटे ओढ्याच्या पाण्यात धुवायची, दुपारपर्यंत पुरण तयार, आणि चार वाजता वाफाळते मांजू. पाच वाजता गेलात तर काही मिळायचं नाही. मी बस चालवायचो, तेव्हा माझ्यासाठी दोन बाजूला काढून ठेवायची. वर म्हणायची, "आधी खा, मग गाडी चालव. रिकाम्या पोटी घाटात माणूस देवाला जास्त आठवतो."

तात्सुहिकोने तिला विचारलं होतं, माझ्या दुकानासाठी करून दे. ती नाही म्हणाली. सकाळचा मांजू संध्याकाळी म्हातारा होतो, तो खोक्यात महिनाभर कसा बसवायचा, असं तिचं म्हणणं. मग त्याने दुसरी वाट धरली. त्या हिवाळ्यात तो रोज सकाळी फावडं घेऊन तिच्या दारातला बर्फ काढायला जाऊ लागला. तिला मूलबाळ नव्हतं. हा तिला आई म्हणायला लागला. आणि तिने हळूहळू सगळं शिकवलं. दाणे किती वेळ भिजवायचे, पहिलं पाणी केव्हा टाकायचं, साखर तीनदा कशी घालायची.

वसंतात याचा कारखाना सुरू झाला. झाकणावर तिचं चित्र, तिला न विचारता. त्याच महिन्यात कुणीतरी तक्रार केली की पुलाजवळच्या दुकानातले मांजू खाऊन तिघे पाहुणे आजारी पडले. तपासणीला माणसं आली, पंधरा दिवस दुकान बंद. काही सापडलं नाही. पण गिऱ्हाईक फिरकलं नाही ते नाहीच. तक्रार कुणाची, हे गावाला माहीत होतं. कुणी बोललं नाही. मीही नाही.

त्यानंतरच्या जानेवारीत चार दिवस बर्फ पडत होता. माझी बस बंद होती, मी घरी शेगडीशी पाय शेकत बसलो होतो. पाचव्या दिवशी गावकऱ्यांनी तिचं दार मोकळं केलं. ती दाराच्या आतल्या बाजूलाच होती. बसलेली, गार पडलेली. पातेल्यातलं सगळं करपून काळं झालेलं.

तर तेवीस सप्टेंबर. नऊ वाजता तात्सुहिकोची व्हॅन पुलावर आली. काचा बंद, रेडिओ चालू. तरी त्याला आवाज आला.

सर्र... सर्र... सर्र...

टोपलीत दाणे धुताना येतो तसा. ओढ्याकाठी रात्री दाणे धुणाऱ्या भुताची गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. तात्सुहिको स्वतःशीच हसला, म्हणाला, पन्नाशी उलटली तरी घाबरतोस. रेडिओ मोठा केला.

पूल मागे पडला आणि दुसरा आवाज सुरू झाला.

टक. टक टक.

हा मागून येत होता. व्हॅनच्या आतून, खोक्यांतून. एखादा खोका हलत असेल म्हणून त्याने वेग कमी केला. आवाज तसाच. लाकडावर लाकूड आपटावं तसा. तीन ठोके, मग थांबणं. जणू कुणी कान देऊन ऐकतंय, की बाहेर कुणी आहे का. तात्सुहिकोने मागे वळून पाहिलं नाही. तो ठोका त्याने ओळखला होता.

हॉटेलच्या दारात दिवे होते, माणसं होती. आवाज थांबला. त्याने तीस खोके उतरवले. तिथल्या मालकीणबाई, ओरिए, यांनी रीतीप्रमाणे त्याला बसवलं, चहा मागवला आणि म्हणाल्या, एक खोका फोडू या, पाहुण्यांनाही चाखू दे. ओसाकाच्या दोघी वयस्क बहिणी शेजारी बसल्या होत्या. थोरलीने मांजू मधून तोडला आणि तिच्या चष्म्यावर वाफ आली.

"अगंबाई, गरम आहेत हे," ती म्हणाली. "आत्ता केलेत?"

ते मांजू नऊ दिवसांपूर्वी केलेले होते.

धाकटीने खाल्ला. डोळे मिटले. म्हणाली, आमची आजी करायची तसं पुरण आहे, इतक्या वर्षांत कुठे मिळालं नव्हतं. सगळे खात होते, वाहवा करत होते. ओरिएबाईंनी एक मांजू तात्सुहिकोच्या हातावर ठेवला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. हाताला गरम लागला. त्याने घास घेतला...

तोंडात बर्फ. गोड नाही, पुरण नाही. नुसता कोरडा बर्फ, दातांत कळ जावी इतका गार. समोर बायका हसत होत्या. त्याने तो गिळला. चहा न पिता उठला.

परतताना पुलाशी आला तेव्हा घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तिच्या बंद दुकानासमोर इंजिन थांबलं. धक्का नाही, आवाज नाही. दिवेही गेले.

त्याने किल्ली फिरवली. काही नाही.

दार उघडायला गेला. उघडेना. दुसरं दार. तेही नाही. मागचं... नाही. बाहेरून काहीतरी टेकलेलं असावं तसं. काचेतून तर रस्ता मोकळा दिसत होता. सप्टेंबरचा कोरडा रस्ता.

मग आत थंडी भरायला लागली. खालून. आधी पाय, मग गुडघे. श्वासाची वाफ दिसू लागली. काचेवर आतल्या बाजूने पांढरं चढलं. फोन काढला, तर बोटं वळेनात. फोन खाली पडला.

तो काचेवर मुठी आपटू लागला.

टक. टक टक.

पितरांच्या पूजेहून परतणारी माणसं पुलावरून गेली. दोघं, मग एक कुटुंब. दहा पावलांवरून. कुणी मान वळवली नाही.

शेवटी एकच बाई आली. वाकलेली. खांद्यावर फावडं.

ती व्हॅनपाशी थांबली.

त्याने बाहीने काच पुसली. आणि त्याने ओरडून ते सांगितलं, जे आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. त्या जानेवारीत, दुसऱ्या रात्री, तो तिच्या दारावरून गेला होता. बर्फ दाराच्या वर चढला होता. आणि आतून ती लाकडी पळीने दार ठोकत होती. तीन ठोके, मग थांबणं. त्याच्या हातात फावडं होतं. तो उभा राहिला. ऐकलं. आणि घरी गेला.

"मी ऐकलं होतं, आजी," तो काचेला तोंड लावून म्हणाला. "मला ऐकू आलं होतं. उघड गं. आई... उघड."

बाई पुढे वाकली. काचेच्या पलीकडे चेहरा आला. झाकणावरच्यासारखा हसरा नव्हता. रागावलेलाही नव्हता. ती कान देऊन ऐकत होती.

मग ती बोलली. हळू, दारात उभं राहून शेजारणीशी बोलावं तशी.

"मलाही येतंय ऐकू."

फावडं खांद्यावर नीट केलं. आणि गेली.

...

सकाळी सहा दहाची पहिली बस माझी. पुलापाशी, तिच्या दुकानासमोर व्हॅन उभी, काचा पांढऱ्या. मी बस थांबवली, दाराला हात घातला. दार लगेच उघडलं. पहिल्या झटक्यात. आत तात्सुहिको बसलेला होता. गुडघे पोटाशी, ओठ निळे, उजवी मूठ अजून वर उचललेली. बसमधली घोंगडी गुंडाळून मी त्याला खाली दवाखान्यात नेलं. वाटेत त्याने हे सगळं मला सांगितलं. एकदाच.

उजव्या हाताची तीन बोटं कापावी लागली. डॉक्टर विचारत राहिले की हा कुठल्या शीतगृहात कोंडला गेला होता. त्या रात्री गावात अठरा अंश होते, मी अंगात साधा सदरा घालून झोपलो होतो. त्याने दुकान विकलं, कारखाना बंद केला, आणि बायकोला घेऊन पार दक्षिणेला, कागोशिमाकडे गेला. तिथे बर्फ क्वचितच पडतो म्हणून. तिथेही तो खोलीचं एक दार कायम उघडं ठेवतो, असं त्याच्या बायकोने मला पत्रात लिहिलं. तोंडात काहीही घातलं तरी गारच लागतं त्याला. गरम सूपसुद्धा.

तिला समाधान मिळालं का? मला नाही माहीत. माझ्याविषयी विचाराल तर, मी पुलावरून जाताना बसचा वेग कमी करायचो आणि मान लववायचो. त्या चार दिवसांत मीही तिच्या दाराकडे गेलो नव्हतो.

व्हॅन गॅरेजवाल्या कुरामोचीने ओढून नेली. दुपारी त्याने मला बोलावून घेतलं. सकाळच्या घाईत मी वर पाहिलं नव्हतं, ते त्याने दाखवलं. व्हॅनचं छत वरून खाली दबलेलं होतं. सगळीकडून सारखं. ओरखडा नाही, ठोकर नाही, रंगसुद्धा उडालेला नाही.

"असं मी दर फेब्रुवारीला बघतो," तो म्हणाला. "बर्फाखाली राहिलेल्या गाड्यांचं होतं हे. ही कुठे उभी होती?"

त्याने आतून ठोकून छत सरळ केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा खाली आलं होतं. त्याने पुन्हा सरळ केलं. तिसऱ्यांदा मात्र त्याने हातोडी ठेवून दिली आणि व्हॅन गॅरेजमागे पत्र्याच्या शेडखाली ढकलली. शेडचा पत्रा सरळ आहे. त्यावर काही नाही.

परवा मी तिकडून गेलो, म्हणून आत डोकावलो.

छत आता सीटला टेकलंय.